थप्पीनानांचा पसंतीक्रम

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं काढली, पण नानांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते थप्पीनाना. गाडीत सामानाची थप्पी लावावी ती त्यांनीच. कपाटं, गाद्या, काचेचं टेबल, कुंड्या, शिलाई मशीन सगळं फुटपाथवर मांडलं की नाना गाडीच्या दाराशी डोळे बारीक करून दोन मिनिटं नुसते उभे राहायचे. मग एकदा हात घातला की थांबणं नाही. तीन खोल्यांचं घर एका गाडीत असं बसायचं, की मध्ये उंदराला शिरायला वाव नाही.

नव्या गड्याला ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट ऐकवत. "नव्या घरात पाय टाकल्यावर आधी काय लागतं? अंथरूण, शेगडी, पाण्याचं भांडं. ते सगळ्यात शेवटी भरायचं, दाराशी. ज्याची घाई नाही ते आधी आत ढकल. उलटं केलंस तर बाई पाण्यासाठी खोळंबेल आणि तू कपाटामागे अडकून बसशील."

कितीतरी माणसं त्यांच्या हाताखाली याच एका वाक्यावर तयार झाली. घरीसुद्धा नानांची कपड्यांची पेटी अशीच भरलेली: उद्याचा सदरा वर, लग्नातला कोट तळाला.

आता त्यांच्या लेकीबद्दल. लहानपणी दिवसभर टॅहॅ टॅहॅ करायची म्हणून आईनं तिला टिटवी म्हटलं, त्याची टिटू झाली. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या पायाला हिनं कधी ना कधी चिंधी बांधलेली. मांजराला औषध पाजताना दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतले आणि वर आईलाच म्हणाली, "त्याला बरं वाटलं ना, मग झालं." जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिनं दहाव्या वर्षी ठरवलं, आणि शाळेची शेवटची परीक्षा झाली तेव्हा मार्कही त्याच्या आसपासचे पडले. अगदी काठावर, पण आसपासचे.

प्रवेशाचं सगळं एकाच वेबसाइटवर होतं. पाच पसंत्या लिहायच्या, यादीला कुलूप लावायचं. मग फेऱ्या. टिटूच्या मनात पक्कं होतं: आधी शहरातलं पशुवैद्यक, मग दूरच्या गावातलं पशुवैद्यक, मग दुग्धतंत्र, मग शेती, आणि अगदीच काही नाही मिळालं तर घराजवळच्या कॉलेजात ऑफिस व्यवस्थापन. दोन दिवस वेबसाइट बंद पडली होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी ती सुरू झाली आणि नेमके टिटूचे डोळे आले. दोन्ही. पापण्या चिकटलेल्या, उजेड सहन होईना. नानांनी सुट्टी टाकली होती. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामावर.

"नाना, तुम्हीच भरा," टिटू डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून म्हणाली. "कागदावर कॉलेजांचे नंबर लिहिलेत. मला सगळ्यात आधी शहरातलं पशुवैद्यक हवं. ते मिळालं तर सोनं."

"आणि फायली लावायचं ते?"

"ते सगळ्यात शेवटी. ते नकोच आहे खरं तर."

नानांनी चष्मा लावला. समोर फोनवर पाच रिकामी घरं, एकाखाली एक. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग हात घातला. नको असलेलं आधी, वर, आतल्या बाजूला. त्याखाली शेती. मग दुग्धतंत्र. मग दूरचं पशुवैद्यक. आणि शहरातलं अगदी शेवटी, हाताशी.

"नीट लावलंत ना?"

"सव्वीस वर्षं काय झक मारतोय का मी? जे आधी लागणार ते आधी हाताला येईल, असं लावलंय."

टिटू फडक्याखाली हसली. नानांनी कुलूप लावलं.

सोमवारी पहिल्या फेरीचा निकाल आला. अकरा वाजता नाना कामावर, दुसऱ्या मजल्यावरून फ्रिज उतरवत होते. खिशात फोन वाजला. फ्रिज खाली टेकल्यावर बघितलं, तर मेसेज: अभिनंदन, आपणास पहिली पसंती मिळाली आहे.

"मिळालं!" ते एवढ्या जोरात ओरडले, की ड्रायव्हर केबिनमधून उतरून आला. हा ड्रायव्हर नानांबरोबर बारा वर्षं होता आणि बाराही वर्षं त्यांची थट्टा करत होता.

"काय, लॉटरी?"

"पोरीला पहिली पसंती!"

"मग आता आमच्या म्हशीला फुकट इंजेक्शन बरं का."

"तुझ्याकडे म्हैस आहे कुठे?"

"बायकोला विचारून सांगतो."

नानांनी घरी फोन लावला. टिटूनं उचलला.

"अगं, बघितलंस का?"

"बघितलं." आवाज कोरडा. "ऑफिस व्यवस्थापन मिळालंय."

"ते कसं? पहिली पसंती म्हणतंय की."

"नाना, पहिल्या घरात तुम्ही काय लिहिलं होतं?"

नाना फ्रिजला पाठ टेकून उभे राहिले. काय लिहिलं होतं आणि का, ते त्यांनी सांगितलं. सांगता सांगताच कळत गेलं. गाडीच्या दारातून मागून हात घालतात. इथे वरून घालणार होते. पलीकडे टिटू एकदाच म्हणाली, "अरे देवा," आणि फोन ठेवला.

जागा पक्की करायची मुदत बुधवारी पाचपर्यंत. मंगळवारी बापलेक मदतकेंद्रावर गेले. कुठल्याशा शाळेचा मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी. दीड तासानं नंबर लागला. खिडकीवरच्या बाईंचा घसा बसला होता, केसात पेन खोचलेलं, आणि तेच पेन त्या टेबलावर शोधत होत्या.

"बाई, चूक माझी आहे," नाना सुरू झाले. "पोरीची काही नाही. मी गाड्या भरतो. त्यात काय असतं, की..."

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी शोधणं थांबवून ऐकलं. मागचा एकजण खुदकन हसला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो छताकडे बघू लागला.

"काका, असला घोळ मी पहिल्यांदाच ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पण यादीला कुलूप लागलं की लागलं. माझ्या वरच्या साहेबांनाही उघडता येत नाही."

"मग ही जागा घ्यायची आणि दुसऱ्या फेरीत..."

"नाही ना! तेच समजून घ्या. मशीन यादीत वरून खाली येतं. मार्क बसले की तिथेच थांबतं, खाली ढुंकून बघत नाही. ज्याला दुसरी, तिसरी पसंती मिळाली, तो ती धरून ठेवून वरच्याची वाट बघू शकतो. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं. तुमच्या वर काय आहे? काही नाही. मशीनच्या मते हिच्याइतकं सुखी कोणी नाही. ते हिला पुढच्या फेरीत कशाला घेईल?"

"आणि मी जागा घेतलीच नाही तर?" टिटूनं विचारलं. तिचे डोळे अजून लाल होते.

"तर दुसरी आणि तिसरी फेरी तुला बंद. चौथी असते, उरल्यासुरल्या जागांची. ज्याच्या हातात काहीच नाही, त्यालाच तिथे नवा अर्ज करता येतो. नवी यादी."

"पशुवैद्यकच्या उरतात?"

"गेल्या वर्षी तीन उरल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी एकही नाही. मी तुला घे म्हणणार नाही, सोड म्हणणार नाही. उद्या पाचनंतर मात्र माझ्याकडे येऊ नकोस, मला काही करता येत नाही आणि मग मला झोप येत नाही."

बुधवारी आई दुपारची पाळी बदलून घरी आली. चार वाजून वीस मिनिटं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन, फोनवर निळं बटण: जागा स्वीकारा.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," आई म्हणाली. "वर्ष घरी बसलीस तर पुढच्या वर्षी आणखी हजार पोरं येतील, तुझ्यापेक्षा जास्त मार्कांची."

"आई, तीन वर्षं फायली कशा लावायच्या ते शिकू?"

"मी अठरा वर्षं चादरी धुतेय. मला कोणी विचारलं होतं, आवडतं का?"

"म्हणून मीही?"

आईचा मोर्चा नवऱ्याकडे वळला. "अहो, बोला की! तोंडात बोळा कोंबलाय का?"

"मी बोलायचं नाही असं ठरवलंय," नाना म्हणाले. "एकदा शहाणपण केलं ते पुरे झालं."

"असं नाही चालणार," टिटू उसळली. "घोळ तुम्ही घालायचा आणि आता हात झटकून मोकळे? काय वाटतं ते सांगा."

नानांनी घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच. "भीती वाटते. भीतीला विचारशील तर ती म्हणते, दाब बटण. पण तिथे जाऊन तू रोज तोंड पाडून बसणार, हेही दिसतंय. तू सोडलीस तर मी तुला कधी म्हणणार नाही, की धरायला हवी होतीस. एवढंच माझ्या हातात आहे."

"आणि माझ्या?" आई म्हणाली. "मी तर म्हणेन बाई. दर दोन दिवसांनी म्हणेन."

टिटूला हसू आलं, आणि तेवढ्यानं ती पाच मिनिटं जरा हलकी गेली. पण चार पंचावन्न झाले. आई उठून धुतलेलंच पातेलं परत धुवायला लागली. टिटूनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. एकदा उजवा हात बाहेर आला, बटणावर गेला, अंगठा काचेपासून नखाएवढा वर थांबला. हात परत मांडीखाली गेला.

पाच वाजले. निळं बटण राखाडी झालं. आईनं पातेलं पालथं घातलं, ते जरा जोरातच आपटलं.

पुढचे अठरा दिवस नानांचा कामात हात चालेना. गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि सुरुवातच व्हायची नाही.

"काय नाना, फोटो काढायचाय का गाडीचा?" ड्रायव्हर म्हणायचा. मग त्यालाच वाईट वाटायचं. "सोड रे. माझ्या मेहुण्याच्या पोराला तिसऱ्या फेरीत झकास जागा मिळाली. वाट बघणाऱ्याचं भलं होतं."

"त्यानं एक धरून ठेवली होती. धरून वाट बघणं वेगळं. आमच्या हातात वारा आहे."

पहिल्या फेरीत कुठे किती मार्कांवर प्रवेश थांबला, त्याचे आकडे जाहीर झाले. दूरच्या पशुवैद्यकला शेवटी मिळालेल्या मुलाचे मार्क टिटूपेक्षा चारनं कमी होते. म्हणजे यादी सरळ लागली असती तर पहिल्याच दिवशी काम झालं होतं. टिटूनं तो आकडा नानांना दाखवला नाही. नानांनी तो स्वतः शोधला, आणि आपल्याला दिसला हे तिला सांगितलं नाही. दोन दिवस जेवताना दोघं एकमेकांच्या ताटाकडे बघत राहिले.

चौथ्या फेरीच्या सकाळी दोघं पुन्हा त्याच हॉलमध्ये. उरलेल्या जागांची यादी भिंतीवर लावलेली. शहरातलं पशुवैद्यक: शून्य. दूरचं पशुवैद्यक: एक. दुग्धतंत्र: चार. अर्ज बारापर्यंत, निकाल चारला, जागा पक्की करायची सहापर्यंत. यानंतर फेरी नाही.

टिटूनं स्वतः यादी भरली. नाना मान वाकवून बघत होते.

"वरून."

"माहितीये, नाना."

"सगळ्यात हवं ते वर."

"नाना!"

खिडकीवरच्या बाईंनी ओळखलं. "काका, तुम्ही जरा लांब उभे राहा, तुमच्या सावलीनंसुद्धा मला धडधडतंय." पण कुलूप लावण्याआधी त्यांनीच नानांना बोलावलं आणि यादी मोठ्यानं वाचायला लावली. नानांनी वरून खाली वाचली. मग टिटूनं वाचली. मग कुलूप.

चार वाजता हॉलमध्ये फोन वाजायला लागले, एक, मग पाच, मग सगळेच. दोन रांगा पुढे एका मुलीनं किंचाळून आईला मिठी मारली. "पशुवैद्यक, आई, पशुवैद्यक!" टिटूनं फोन उघडायच्या आधीच नानांना कळलं. जागा एकच होती.

टिटूनं फोन उघडला. दुसरी पसंती: दुग्धतंत्र.

ती त्या मुलीकडे बघत राहिली. ती मुलगी तिच्याच वयाची, जाड चष्म्याची, रडत होती. नाना खुर्चीच्या टोकावर बसले.

"राग आहे?"

"आहे." टिटू सरळ म्हणाली. "खूप आहे. किती दिवस राहील, सांगता येत नाही."

"असू दे," नाना म्हणाले.

"दुधाच्या कारखान्यात कोणी लंगडी गाय आणून दाखवणार नाही मला."

"नाही."

"पण फायलींपेक्षा बरं." तिनं नाक पुसलं आणि घड्याळ बघितलं. "सहापर्यंत पक्कं करायचंय. मूळ कागद काढा. रागाचं घरी गेल्यावर बघू."

नानांनी पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक कागद तिच्या हातात देऊ लागले. खिडकीसमोर रांग लागायला सुरुवात झाली होती. टिटू त्यांची वाट न बघता पुढे गेली आणि रांगेत चौथी उभी राहिली.