मशीन बंद ठेवलेला आठवडा

गणवेश शिवून घेणारी मंडळी आत्याला पाठीमागे ‘कासव’ म्हणत. एकदा माप घेऊन तिचं समाधान होत नसे. चार दिवसांनी पुन्हा बोलवायची. “पोरं आज घाईत उभी राहतात. कापड एकदाच कापता येतं,” हे तिचं ठरलेलं उत्तर. तिचा शर्ट मात्र वर्षभर उसवत नसे, म्हणून नावं ठेवणारेच परत तिच्या दारात.

भावाची तेरा वर्षांची मुलगी सुट्टीत तिच्याकडे काजं-बटणं करायला बसे. एका दुपारी तिची सुई थांबली.

“आत्या, हाक मारलीस?”

“नाही गं.”

“मग तोच असेल,” असं म्हणून तिने जीभ चावली.

आत्याने हातातला शिवणीचा धागा न सोडता विचारलं, “तो कोण गं?” हळूहळू कळलं ते असं: दोन महिन्यांपासून कोणीतरी माणूस नावाने हाक मारतो, टोमणेही मारतो. दिसत कुणीच नाही.

भाऊ ऐकून उखडला. “शाळा उघडायची वेळ आली की हिला काहीतरी सुचतंच! आणि चारचौघांत बोलू नकोस, उद्या पोरीला वेडी ठरवतील. तुझ्या मशीनच्या खडखडाटात दिवसभर बसल्यावर दुसरं काय होणार?”

शेवटचं वाक्य आत्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मशीनवर चादरी टाकल्या. चाळीस शर्ट कापून पडलेले, आणि ही बाई हाताने टीप घालतेय! बोटांची चाळण झाली. “कासव आता झोपलंच वाटतं,” असं एकीने तोंडावर सुनावलं. आत्या हसली आणि सुई ओवत राहिली.

पाचव्या दिवशी पोर रडकुंडीला आली. “आत्या, मशीन चालू कर ना! शांत असलं की तो जास्तच बोलतो.”

आत्या खजील झाली. “आधी का नाही सांगितलंस?”

“तू माझ्यासाठी केलंस ना. तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटू दे की! मी काय मेणाची आहे? माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. कान तुझे, मला बाहेरून काय कळणार?”

त्या दिवसापासून आत्याने तर्क लढवणं सोडलं आणि ती पोरीलाच विचारायला लागली. काय म्हणतो? झोप किती झाली? स्वतःला काही करून घे, असं सांगतो का? उत्तरं तारखेसकट वहीत उतरवली आणि मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. भावाला म्हणाली, “येतोस तर ये, आम्ही निघालो.” तो कुरकुरत का होईना, आला.

डॉक्टर बाईंनी वही नीट वाचली. “या वयात असं बऱ्याच जणांना ऐकू येतं. पुष्कळांचं आपोआप थांबतं. काहींचं थांबत नाही, आणि त्यांना पुढे आजाराचा धोका जास्त असतो.”

“ही कुठल्यात?” भावाने विचारलं.

“ते आज कुणालाच सांगता येणार नाही. भेटत राहू. झोप सांभाळा. आणि ती सांगत राहील असं घर ठेवा.”

भाऊ हिरमुसला. आत्याला मात्र बाई पटल्या.

वर्षभरात आवाज विरळ होत थांबला. “आता जुनं उकरू नकोस,” भाऊ बजावायचा. आत्या रोज पिच्छा पुरवत नसे. पण महिना-दीड महिन्यातून, बटणं निवडताना, सहज विचारायची. पोरही सहज उत्तर द्यायची, कधी वर चिडवायची, “तुला ऐकू येतंय का काही, ते सांग आधी!”

एकोणिसाव्या वर्षी ती शिकायला परगावी गेली. तिसऱ्या महिन्यात भर दुपारी तिचा फोन आला.

“आत्या, आठवडाभर धड झोप नाही. आज सकाळी तो परत बोलला. मी इथल्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. घाबरू नकोस.”

“घाबरले तर आहेच,” आत्या म्हणाली. “येऊ का?”

“ये. बाबांनाही सांग. मीच सांगणार होते, पण आधी तुला फोन केला.”

“त्याला तूच सांग. इथेच उभा आहे,” असं म्हणून आत्याने फोन भावाच्या हातात दिला आणि ती पिशवी भरायला आत गेली.