दोधू मिस्तरीचं नाक

नंदुरबारला लाल मिरची वाळत घालतात त्या पथारीला लागूनच दोधू मिस्तरीचं गॅरेज. नाव झालं ते त्याच्या नाकामुळे. गाडी चालू करायची, दोधूने सायलेन्सरच्या तोंडाशी वाकून एक श्वास ओढायचा, की निदान तयार. सडक्या अंड्यासारखा वास आला की म्हणायचा, "कॅटॅलिटिक गया." म्हणजे इंजिन आणि सायलेन्सरच्या मधला, धुरातलं विष मारणारा डबा. शोरूमवाले कॉम्प्युटर लावून तेच सांगायचे, पण तासाभराने.

ते नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. वीस हंगाम मिरचीची धूळ ओढल्यावर दुसरं काय होणार? आधी पेट्रोलचा वास गेला, मग भाकरीचा. त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एकदा तो चुलीशेजारी बसलेला असताना डाळ करपून कोळसा झाली. सिंधुबाई ओरडली तेव्हा म्हणाला, "ध्यान नव्हतं." गिऱ्हाइकासमोर मात्र तो अजूनही वाकायचा, श्वास ओढायचा आणि इंजिनाच्या आवाजावरून अंदाज ठोकायचा. मिजास तीच.

जानेवारीत दोधूच्याच गावातला भूपेश व्हॅन घेऊन आला. मिरचीचे देठ खुडायला तो रोज पहाटे नऊ-दहा बाया पथारीवर आणायचा. सिंधुबाई त्यातलीच.

"दोधूभो, चढावर गाडी दमच धरत नही. आनि बायास्नं डोकं दुखस म्हनतस."

दोधू वाकला, श्वास ओढला. काहीच नाही.

"वास नही. प्लग बदल. डोकं तं मिरचीनं दुखस, हंगाम शे ना भो!"

भूपेशला पटलं. कुणाला पटलं नसतं? हंगामात शिंक, उलटी, चक्कर, नवरा-बायकोचं भांडण, सगळं मिरचीच्या माथी.

आठवड्याने सिंधुबाई घरी आली ती ओकली आणि डोकं धरून बसली.

"मिरची," दोधू म्हणाला.

"काय मिरची मिरची लाई राखी! पंधरा वरीसपाइन खुडी ऱ्हायनू मी. मिरची डोयाले झोंबस, घसाले लागस. मन्हा डोया दखा, लाल शेत का? पथारीवर डोकं उतरस, गाडीमा बसनू का परत सुरू."

दोधूला कळलं. तिथेच, त्या घटकेला कळलं. भूपेशचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. पण जाऊन काय सांगणार? नाक गेलंय म्हणून? "सकाळी बघू," असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि सिंधुबाईला म्हणाला, "सकाय जाऊ नको तू. आराम कर."

आपली बायको त्याने घरी ठेवली. बाकीच्या बाया गाडीत बसल्या.

थंडी होती, काचा बंद होत्या. मागच्या सीटवर दगूबाई होती, साठीची, दम्याची. पथारी आली, सगळ्या डोकं धरत उतरल्या. दगूबाई उतरली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा संपलेली होती.

"मिरचीनी खाई टाकी बिचारीले," लोक म्हणाले.

दुपारी गाडी गार झाल्यावर दोधू तिच्याखाली शिरला. रबरी हातोडीने डब्यावर टकटक केली. आतली तुटलेली जाळी खडखडली. गाडी चालू करून सायलेन्सरशी तळहात धरला. रेस देऊनही धूर जेमतेम. डबा चोंदला होता. मग डब्याच्या अलीकडच्या जोडावर साबणाचं पाणी ओतलं. फेस फुगला. अडलेला धूर तिथून निघत होता आणि गंजक्या पत्र्याच्या भोकातून थेट मागच्या सीटखाली जात होता. पाच मिनिटांचं काम. नाक लागलंच नाही.

फेस पुसायला एक फडकं पुरलं असतं. दोधूने भूपेशला हाक मारली, दगूबाईच्या मुलीला, चेतनाला, बोलावलं.

"हाई दखा. मिरची नही. गाडीना धूर."

"तू तं म्हने वास नही!" भूपेश किंचाळला.

"माले वास येतच नही. दोन वरीस व्हयनात."

चेतना रडत नव्हती. तिने विचारलं, "मंग आज सिंधुमावशीले घर का बरं बसाडं?"

दगूबाईची खबर ऐकून आलेली सिंधुबाई दोधूच्या मागेच उभी होती.

"चुलीवरनी डाय जयनी तवयच माले समजाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली आणि चेतनाजवळ जाऊन बसली.