विहिरीतली बिअर आणि माझी वही

ऐंशीच्या दशकात जिंतूरच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचो, तेव्हा मला एक खोड लागली होती. प्यालेल्या प्रत्येक बिअरवर एका वहीत पानभर अभिप्राय लिहायचा. पोरांचे निबंध मी दोन शब्दांत वाटेला लावायचो, बिअरला मात्र परिच्छेद पाडून न्याय द्यायचो. 'फेस उतावीळ. वास भिजवलेल्या गव्हाचा. पहिल्या घोटाला शिष्ट, तिसऱ्यापासून माणसात येते.'

या वहीचा एकुलता एक वाचक म्हणजे माझा मित्र, एक तलाठी. रविवारी दुपारी आम्ही त्याच्या मळ्यात बसायचो. बाटल्या तो परभणीहून पोत्यात गुंडाळून एस.टी.नं आणायचा. फ्रिज दोघांकडंही नव्हता, म्हणून बाटल्या टोपलीत भरून सकाळीच दोरानं विहिरीत सोडायच्या.

"सर, येवढं कोन वाचनार?" तो म्हणायचा. "चांगली हाय का वाईट हाय, तेवढं लिवा. सात-बारा सुदीक एका पानात बसतो."

"पुढच्या माणसाला निवड करायला सोपं जातं," मी तोऱ्यात सांगायचो.

पाण्यात बाटल्यांवरची लेबलं सुटायची. टोपलीबरोबर जी लेबलं वर यायची, त्यांवरून मी अंदाजानं एकेका बाटलीचं नाव ठरवायचो. एका रविवारी मी एका बाटलीचं दीड पान कौतुक केलं आणि दुसरीला कारल्याच्या पंगतीत बसवलं. ते वाचून तलाठ्याला हसता हसता ठसका लागला.

"सर, ह्या खेपेला समद्या एकाच कंपनीच्या आणल्यात! ती दुसरी लेबलं मागच्या खेपेची, हिरीतच राह्यलेली."

माझं तोंड एवढंसं झालं. महिनाभर वहीला हात लावला नाही.

मग त्याला कावीळ झाली, आणि साधी नाही. वर्षभर थेंब जरी घेतला तरी लिव्हर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घाबरलो. हा माणूस वर्षभर कसला थांबतो! भेटायला गेलो तर भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "सर, वही आना."

"अहो, ती सगळी थाप आहे. तुम्हीच तर पकडलीत."

"थाप तर थाप. वाचा. फेसापासून वाचा."

तेव्हापासून दर रविवारी मी नवं पान घेऊन त्याच्या ओसरीवर जायचो. तो मला सहजासहजी सोडायचा नाही. फेस किती बोटं? ग्लासाला घाम आला का? दुसऱ्या घोटानंतर जिभेवर काय राहिलं? डोळे मिटून ऐकायचा, मध्येच आवंढा गिळायचा. मी चार-चार पानांवर गेलो. इतक्या बारकाईनं मी आयुष्यात दुसरं काहीच लिहिलं नाही.

सातव्या-आठव्या महिन्यात असाच वाचत होतो. 'कडवटपणा शेवटी जिभेच्या मागं जाऊन बसतो' इथपर्यंत आलो, तेव्हा त्यानं मला जवळ ओढून माझ्या तोंडाचा वास घेतला. मग शर्टाचाही घेतला.

"सर, तुमी प्यालाच न्हाईत."

"नाही."

"कधीपास्नं?"

"तुम्हाला कावीळ झाल्यापासून. एकट्याच्या घशाखाली उतरेना."

तो भडकला. "मनाई मला हाय, तुमाला कोनी केलती?" असं म्हणून त्यानं मला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं. त्यानं पंच्यानं डोळे पुसले, बाजेवर नीट मांडी घातली आणि म्हणाला, "लय घाईत वाचायलाय तुमी. कडवटपणापास्नं पुन्हा घ्या."