लासियेमचा साप आणि घरी नेलेला सोतो

आमच्याकडे बायकांना मानाने बू म्हणतात. ही बू लासियेम जन्माची संशयी. कोंबडीवाल्याच्या तराजूखाली बोट घालून बघायची, आणि लिंबूवाल्याने एखादं लिंबू वर टाकलं तर ते किडकंच असणार म्हणून परत करायची. जावा बेटावरच्या सेमारांगच्या बंदरामागे आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी तिचा सोतोचा गाडा. कोंबडीचा पातळ कढत रस्सा, त्यात भात नि शेवया, वरून तळलेला लसूण. एवढी डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई, आणि गल्ली आपल्यामागे काय बोलते याचा पत्ता तिला कचऱ्याच्या ढिगावर लागला.

तिथे तिच्याच घरून गेलेले डबे पडले होते. तिचा मुलगा गेल्याच्या शंभराव्या दिवसाचे.

मुलगा गुनार्तो, वय तेवीस, मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायचा. भरतीचं पाणी बंदराच्या रस्त्यावर चढलं होतं, खड्डा दिसला नाही, आणि मागून ट्रक आला. शंभराव्या दिवशी गल्लीतले पुरुष प्रार्थनेला आले, आमीन म्हणाले, चहा प्यायले आणि रीतीप्रमाणे भात, कोंबडी, अंडं असा एकेक पुठ्ठ्याचा डबा घेऊन घरी गेले. दुसऱ्या सकाळी डबे कचऱ्यात. रबरसुद्धा सोडलेलं नाही. कोंबड्या खोके फाडून भात टिपत होत्या. गेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न असं फेकण्यापेक्षा तोंडावर थुंकलेलं परवडलं.

ती तडक शेजारच्या बू कारसिनीच्या दारात गेली. दोघी वीस वर्षं एकाच नळावर भांडत आल्या होत्या. खरं बोललीच तर कारसिनीच बोलेल, एवढा भरवसा त्या भांडणांनी दिला होता.

"तुमच्या घरचाही डबा आहे तिथं," लासियेम म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या हातात मी स्वतः दिला होता."

कारसिनी कपडे वाळत घालत राहिली. "मला बोलायला लावू नकोस, बू."

"बोल की. एरवी बरं तोंड चालतं."

"तो साप ठेवलायस ना घरात?"

साप गुनार्तोचा. काळाभोर, अंगावर पिवळे पट्टे, चांगला पुरुषभर लांब. दर रविवारी सकाळी चौकात सापवाली पोरं जमतात, गळ्यात साप घालून मिरवतात. तिथून त्याने तो आणला होता. लासियेमने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा म्हणाला, "आई, याचे विषाचे दात पार मागे, जबड्यात असतात. चावलाच तर हात सुजेल, बास." तो गेल्यावर मित्र साप न्यायला आले. ही पोरं साप विकून मोकळी होतील असा तिला संशय, म्हणून तिने दिला नाही. चिमट्याने उंदीर द्यायला शिकली, पाणी बदलायला शिकली. एकदा चावलाच. हात मनगटापर्यंत टरारून सुजला, तरी फडकं गुंडाळून ती गाड्यावर रस्सा वाढत राहिली. ते फडकं गल्लीने नीट बघून ठेवलं.

आणि त्याच दिवसांत गाडा चालायला लागला. गुनार्तोबरोबरची पार्सलवाली पोरं मित्राच्या आईला हातभार म्हणून तिच्याकडेच खायला लागली, त्यांच्यामागून आणखी पोरं आली. हे कुणालाही दिसत होतं. पण सरळ दिसतं ते आमच्या गल्लीला कधी पटलेलं नाही.

"सापाशी करार केलायस म्हणतात," कारसिनी म्हणाली. "साप धंद्याला बरकत देतो आणि बदल्यात घरातलं एक माणूस घेतो. पोरगा गेला नि गाड्यावर रांग लागली. लोक काय आंधळे आहेत? बळी दिलेल्याच्या नावाचा भात कोण खाणार?"



"मी नाही हो म्हणत," कारसिनी पुढे म्हणाली. "पण आमच्या जावयाने तुझा सोतो बांधून घरी नेला. गाड्यावर अमृत, आणि घरी भांडी विसळलेलं पाणी. आता याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल."

अर्थ लासियेमलाही ठाऊक होता. ज्या गाड्यावर मंत्रतंत्र असतो, तिथलं अन्न तिथेच गोड लागतं. घरी नेलं की मंत्र उतरतो आणि चव जाते. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला तिने स्वतः याच कसोटीवर दोषी ठरवलं होतं आणि गल्लीभर सांगितलंही होतं.

"तुझ्या जावयाची जीभ झडो," असं म्हणून ती घरी आली. सापाच्या काचेच्या पेटीसमोर बसली आणि नको ते आठवलं. साप आणला त्या दिवशी गुनार्तो हसत म्हणाला होता, "बघ आई, हा आला म्हणजे तुझा गाडा धावणार." आणि ती म्हणाली होती, "धावू दे की. मग काय हवं ते खाऊ दे मेल्याला."

थट्टा होती ती. पण करार म्हणजे दुसरं काय असतं? साप काही कागदावर सही मागत नाही. आपण होकार दिला की काय? जन्मभर दुसऱ्यांवर घेतलेला संशय आता तिच्याच दारात येऊन बसला, आणि त्याला हाकलायचं कसं ते तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गिऱ्हाइकाला द्यावा तसा सोतो पिशवीत भरला, वर रबर लावलं, घरी नेला आणि वाटीत ओतून पहिला चमचा तोंडात घातला.

काही नाही. नुसतं गरम पाणी.

वाटी तशीच टाकून ती गाड्याकडे पळत सुटली. कारसिनी नळावरून बघत होती, तीही मागोमाग आली. लासियेमने हंड्यातला ताजा रस्सा घेतला, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि खाल्ला. पुन्हा खाल्ला. लिंबू पिळलं, मिरचीची चटणी घातली. जीभ भाजली, पण चव नाही.

शेजारी एक पार्सलवाला जेवत होता. "आज मीठ राहिलंय का रे?" तिने विचारलं.

"नाही, बू. नेहमीसारखा फर्मास आहे."

लासियेम चमचा धरून बसून राहिली. मीठ रोज हातच घालत होता, तीस वर्षांच्या सवयीने. तिने चाखून असं काही पाहिलंच नव्हतं, त्या ट्रकच्या दिवसापासून.

"मग?" कारसिनीने विचारलं. "घरी कसा लागला?"

"बेचव."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"इथंही बेचव," लासियेम म्हणाली. "घरी तसाच इथं. चहा तसाच, भात तसाच. तो गेल्यापासून मला कशाचीच चव लागत नाही, कारसिनी. तुमच्याच कसोटीने सांग आता, विकला का मी माझा पोरगा?"

कारसिनी बाकावर टेकली, लासियेमच्या पुढ्यातली वाटी ओढून घेतली, आधी नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग एक चमचा खाल्ला.

"चांगला झालाय, बू," ती म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला.

लासियेमने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग तोंडावर ओढणी घेऊन, भर गाड्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ती रडायला लागली.