रिलक्टंट म्हणजे

आम्ही दोघी मैत्रिणी एकाच वर्षी मॅट्रिक झालो. शेलूबाजारात तेव्हा घरी इंग्रजीची डिक्शनरी असणं म्हणजे चैन. डिक्शनरी माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे होती, आमच्याकडे नव्हती. म्हणून शिरस्ता असा पडला, की तिनं घरी शब्द पाहायचा, विहिरीवर मला अर्थ सांगायचा आणि मी दोर ओढता ओढता त्याचं वाक्य करायचं. जेन्युइन म्हणजे अस्सल. मी लगेच म्हणायचे, धिस इज जेन्युइन मिरची. स्टबर्न म्हणजे हट्टी. त्यावर गल्लीतल्या बकरीपासून माझ्या आत्यापर्यंत सगळे वापरून झाले. कॅट-रॅट कुणालाही येतं. हे वरच्या पायरीचे शब्द आले की आपण कुणीतरी होऊ, असं मला मनापासून वाटायचं.

किन्हीराजाकडच्या एका खेड्यात शाळेवर बाईची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केले. नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं माझ्या बाबांनी सांगून टाकलं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं नवा शब्द दिला.

"रिलक्टंट म्हंजे एका पायावर तयार. पाठ करून ठेव."

मी ठेवला. मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, खेड्यात राहायला तुम्ही रिलक्टंट आहात का? माझी कळीच खुलली. येस सर, व्हेरी रिलक्टंट. त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी आणखी ठासून सांगितलं. माझ्यामागून ती आत गेली. जागा तिला मिळाली.

खरा अर्थ पुढे आमच्या जुन्या गुरुजींनी सांगितला: नाखूश. मुलाखतीत आपण काय बोलून आलो, ते तेव्हा कळलं. तरी वाटलं, तिच्याकडून चुकून वरचीखालची ओळ वाचली गेली असेल. इतकी मी खुळी. तडक तिच्या घरी गेले. ती नोकरीवर जायला ट्रंक भरत होती.

"तुले खरा अर्थ मालूम होता?" मी विचारलं.

ट्रंक भरता भरताच ती बोलली. तिच्या भावानं पूर्वी त्याच साहेबांपुढे मुलाखत दिली होती. ते हा शब्द हमखास विचारतात, हे त्यानं तिला सांगितलं होतं. एवढं तिनं कबूल केलं.

"काहून केलं मंग असं?"

"तुह्या इंग्रजीपुढं माह्यं काई चालत नव्हतं," ती म्हणाली. "बाकी सारे शब्द तुले खरेच सांगतले. हा एकच."

जसे काही माझ्यावर उपकारच केले होते. सगळे खोटे सांगितले असते तर मला इतकं लागलं नसतं. उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासरी इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.