काकाजींची लाल फुली

अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर माझ्या हातून सुटले ते सुटलेच. वाचणाऱ्याने तेवढं पोटात घालावं. पण एक गोष्ट मी न अडखळता लिहू शकते. जगातल्या मोठमोठ्या राष्ट्राध्यक्षांनी कोणाला घाबरायला हवं असेल, तर ते रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या शेजारच्या काकाजींना. ते त्यांना कोणी कळवलं नाही, म्हणून बिचारे निर्धास्त बोलत राहिले.

काकाजी रेल्वेत होते. तीस-बत्तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले. "गाडी केव्हा येईल?" एवढा एकच प्रश्न लोकांनी त्यांना जन्मभर विचारला आणि "येऊन राहिली" एवढं एकच उत्तर त्यांनी जन्मभर दिलं. रिटायर झाल्यावर म्हणाले, "आजवर लोकायनं मले विचारलं. आता मी विचारतो." पण विचारायचं कोणाला? तर रेडिओतल्या लोकांना. एका परदेशी स्टेशनवर दर रविवारी, दिवेलागणीच्या आधी, तासभराची मुलाखत हिंदीतून लागायची. कधी एखादा पंतप्रधान, कधी शास्त्रज्ञ, कधी लढाई थांबवणारा, कधी सुरू करणारा. विचारणारी बाई एकच, हळू आवाजाची. काकाजींपाशी वही असायची, आणि लाल पेन्सिल. डाव्या बाजूला प्रश्न लिहायचे, उजव्या बाजूला उत्तर, आणि पाहुण्याने उत्तर टाळलं की मोठ्याने "सटकला!" म्हणून लाल फुली मारायचे. एका फार मोठ्या देशाचा अध्यक्ष एका तासात चौदा वेळा सटकला होता. ते पान ते येईल-जाईल त्याला दाखवायचे.

नळ नेमका त्याच वेळी यायचा. गल्लीतल्या बादल्या खणखणल्या की काकाजी ओरडायचे, "चूप बसा ना, जगाच्या पाण्यावर बोलून राहिले ते!" त्यावर काकू आतून म्हणायच्या, "जगाचं पाणी त्याइले पाहू द्या. तुमची बादली काहून मीच भरू?" काकाजी या प्रश्नाचं उत्तर देत नसत. आणि त्याला फुलीही मारत नसत.

तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. लाल दिव्याच्या गाड्या दिसू लागल्या होत्या, रस्ते खणलेले होते. काकाजींचं म्हणणं, राजधानीत राहायचं तर माणसाला सरळ उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून ते सगळ्यांची परीक्षा घ्यायचे. भाजीवाल्या बाईला विचारलं, "भाजी ताजी आहे का?" ती म्हणाली, "नहीं बाबू, काली के हे." कालची आहे म्हणून तिने सरळ सांगितलं. काकाजींनी तिला हात जोडले आणि ती शिळी भाजी सगळी विकत घेतली. काकूंनी दोन दिवस अबोला धरला. पलीकडच्या घरी मुलगी पाहायला मुलगा आला, तर काकाजी मध्येच जाऊन बसले. त्याला म्हणाले, "पृथ्वी तापून राहिली, त्याच्यावर तुमचं मत काय?" मुलगा घामाघूम झाला आणि शेवटी म्हणाला, "मले नाही माहीत." काकाजी उठून मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोट्टा पक्का आहे. देऊन टाका. हे तीन शब्द मोठ्यामोठ्याइले येत नाहीत." दिली त्यांनी. संसार छान चालला आहे.

मी त्यांच्याच ओसरीवर कोहळ्याच्या वड्या घालायची, कारण ऊन तिथे शेवटपर्यंत राहायचं. वड्या घालता-घालता जगातलं ऐकायची. ध्रुवावरचा बर्फ वितळतो म्हणजे काय, एका देशाची नदी दुसरा देश कशी अडवतो, बॉम्ब करणारा माणूस जेवताना काय विचार करतो. मला सगळं जाणून घ्यावंसं वाटायचं, पण विचारायला तोंड उघडायचं नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून. काकाजींना ते माहीत होतं. शेजारची असले तरी मला ते सूनबाईच म्हणत. एकदा म्हणाले, "सूनबाई, पाह्य, हे बाई कशी विचारते. प्रश्न एवढुसा. मंग चूप. समोरचा मोठा असो का लहान, माणूस चूपपणाले घाबरते. आपल्याच तोंडानं बोलून टाकते." मला नवल वाटलं. मी समजत होते, विचारायला मोठा आवाज लागतो.

आता मधली अडचण सांगते. त्यांचा जुना रेडिओ बंद पडला तेव्हा नव्यासाठी त्यांनी माझ्याकडून अठराशे रुपये नेले होते. ते वड्या विकून जमवलेले पैसे, माझे स्वतःचे. आईच्या दातांसाठी ठेवलेले. आई अभनपूरला भावाकडे असते. तोंडात एक दात नाही. दर भेटीत म्हणायची, "मरायच्या आधी एकदा मूठभर फुटाणे चावून खाईन." काकाजी म्हणाले होते, पंधरा दिवसांत देतो. आठ महिने झाले. मी एकदा फार आडून बोलले, "काकाजी, ते आईचं... दिवाळीही आली..." ते गंभीर होऊन म्हणाले, "सूनबाई, परिस्थितीवर आमची नजर आहे." त्यानंतर आई भेटली तेव्हा फुटाण्यांचं काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यातला रविवार. त्या दिवशी गरीब देशांना कर्ज देणारा कोणी मोठा माणूस आला होता, आणि श्रीमंत देश आपलं वचन केव्हा पाळणार, असं बाई विचारत होती. तो म्हणाला, त्या दिशेने पावलं पडत आहेत. "सटकला!" काकाजी ओरडले. बाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो म्हणाला, हा विषय गुंतागुंतीचा आहे. "पुन्हा सटकला!" मुलाखत संपली. काकाजी पेन्सिलीला टोक करत होते. माझे हात पिठाने भरलेले होते. माझ्या तोंडून निघालं,

"काकाजी, माझे पैसे केव्हा द्याल?"

आणि मी चूप बसले. चूप बसणं मला शिकावं लागलं नाही.

"सूनबाई, त्याचं असं आहे..." ते म्हणाले आणि थांबले. मी वडी टाकली. "पेन्शनचं यंदा जरा..." पुन्हा थांबले. मी दुसरी वडी टाकली. आत काकूंचा तवाही वाजेनासा झाला. काकाजींनी वहीकडे पाहिलं. मग नवं पान उघडून माझा प्रश्न लिहिला, आणि त्याच्यासमोर आपल्या हाताने दोन लाल फुल्या मारल्या. शेवटी म्हणाले, "महिन्याले दोनशे. एक तारखेले. नऊ महिने." तेही लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, तू त्या रेडिओवालीची मोठी बहीण निघाली."

आठ वेळा दिले, एक तारीख चुकली नाही. कमी पडत होते ते वड्यांच्या पैशांतून घालून मी आईचे दात आधीच बसवले. आईने फुटाणे खाल्ले. आवाज करत.

नवव्या महिन्याच्या आधी त्यांचा मुलगा दोघांना तेलीबांध्याला, तलावाकाठच्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेला. वाटलं, आता कशाला येतात. पण एक तारखेला काकाजी रिक्षातून उतरले, काठी टेकत. ओसरीवर बसले, दोनशे रुपये माझ्या हातात ठेवले, वही काढून माझ्या प्रश्नाचं ते पान निळ्या पेनाने रेघ ओढून बंद केलं. म्हणाले, "तिकडे रेडिओ लागत नाही, सूनबाई. चारी बाजूनं लोखंड अन् सिमेंट. तलाव दिसते. पण तलावाले काय विचारू?"

रिक्षा उभी होती. मी विचारलं, "परत केव्हा याल?"

ते हसले. "येऊन राहिलो," म्हणाले.

सटकले, हे मला कळलं. फुली मारावीशी वाटली नाही. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत जाऊन वड्यांच्या पैशांचा डबा उघडला आणि दोनशे रुपये त्यात ठेवले. अठराशे फिटले होते.