गळ्यावरचा हात

अन्वीच्या आजींनी तिचा हात माझ्या गळ्यावरून ओढून काढला. पर्समधून सॅनिटायझर काढलं. पोरीचं एकेक बोट चोळून पुसलं. माझ्यासमोर.

मिनिटभर आधी त्याच आजी खूश होत्या. मी शहरात, तुकोगंज भागातल्या एका क्लिनिकमध्ये स्पीच थेरपिस्ट. चार वर्षांच्या अन्वीचे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. अशा मुलांचा तळवा आम्ही आपल्या गळ्यावर ठेवतो आणि बोलतो. आतली थरथर हाताला कळते. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज निघाला. 'बा'. एवढंच.

"किती छान शिकवता हो! मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"महूच्या."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा. म्हणजे तुम्ही त्यातले."

आणि हात ओढला.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आजोबा फौजेत, बाबा फौजेत. आणि मी घाबरले. शाळेत मास्तर वर्गासमोर आडनाव विचारायचे तेव्हा उभी राहून ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

संध्याकाळी क्लिनिकवाल्या मॅडमनी बोलावलं. "पुराना परिवार है यार, समझा करो. तुम दूर से बताती जाना, गला मेरा लगा देंगे."

मी मान हलवली. हो म्हणाले. महूच्या बसमध्ये विचार करत राहिले. नोकरी गेली तर बाबांना काय सांगू? आणि अन्वीने हात पुढे केला तर? मी मागे सरकायचं?

पुढच्या वेळी माझ्या खुर्चीवर मॅडम. मी भिंतीशी, स्टुलावर. अन्वी आली, मॅडमना ओलांडून सरळ माझ्याकडे. हात पुढे केला.

"अन्वी! तिकडे नाही! छी!" आजी ओरडल्या.

पोर थिजली. हात तसाच हवेत. ओठ घट्ट मिटले. तो चेहरा मी ओळखला. वर्गात उभी असलेली मी अशीच दिसत असणार. बोलायला यायच्या आधीच ही 'छी' शिकणार होती. आणि ते मी भिंतीशी बसून बघणार होते.

उठले. आवाज चिरकला.

"आजी, तिचा हात इथेच लागेल. आणि पुसायचा नाही. चालत नसेल तर दुसरीकडे न्या." मग मॅडमकडे वळले. "और मैडम, गला मेरा ही लगेगा."

"बघा! फारच वाचा फुटली हो यांना!" आजी म्हणाल्या आणि अन्वीला उचलून घेऊन गेल्या. जिन्यावरून पोरीचं रडणं ऐकू येत राहिलं. आवाजासकट रडत होती.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवार को बात करते हैं."

सोमवार उद्या आहे. अन्वी परत येईल की नाही, माहीत नाही. नोकरी राहील की नाही, तेही नाही. पण मी माफी मागणार नाही. स्टुलावर बसणार नाही. इथे नाही तर जवळच्या हातोदला खोली घेऊन मुलं बघेन, दारावर आडनावासकट पाटी लावेन. समोर येईल त्या प्रत्येक मुलाचा हात माझ्याच गळ्यावर ठेवेन.

आवाज कापेल. कापू दे. हाताला तोही कळतो.